अकरा पॉइंट आठ

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पोचलो एकदाचा खांडबाऱ्याला. पॅसेंजर दीड तास उशिरा, तरी महावीरभाऊ मोटारसायकल घेऊन स्टेशनवर उभेच होते. मला इतक्या लवकर कसं ओळखलंत, असं विचारलं तर म्हणाले, या गाडीतून इस्त्रीचा शर्ट घालून उतरणारा दुसरा कोण असणार!

फुलचंदशेठ छाजेड म्हणजे माझे मालक. खाली त्यांचं मेडिकल, ते त्यांचे चिरंजीव महावीरभाऊ चालवतात. वर नवी लॅब, लॅबच्या मागे माझी खोली, आणि मागच्या अंगणापलीकडे त्यांचं राहतं घर. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेली माणसं. शेठजी गिऱ्हाइकाशी अहिराणी बोलतात, घरात मारवाडी आणि माझ्याशी मात्र एकदम पुस्तकातलं मराठी. साहेबाशी बोलावं तसं. मला अंमळ गुदगुल्याच झाल्या.

त्यांनी माझं सर्टिफिकेट आधीच फ्रेम करून ठेवलं होतं. मोहनबाईंनी, म्हणजे शेठाणींनी, त्याला कुंकू लावलं, मग मला. सून जिनल बारडोलीकडची, सातवा महिना लागायला आलाय, पण जिन्यावरून दडदड चढते. तिनं फ्रेम वाकडी आहे म्हणून दोनदा काढून परत लावली.

सर्टिफिकेटचं इथेच एकदा लिहून मोकळा होतो. नाशिकला पाच वर्षं एका लॅबमध्ये रक्त काढायचं आणि बाटल्या पोचवायचं काम केलं. शीर शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण डीएमएलटी, म्हणजे लॅबवाल्याचा डिप्लोमा, मी कॉलेजात बसून केलेलं नाही. सुरतेच्या जालमसिंग नावाच्या एजंटानं तीन आठवड्यांत कोर्स, कॉलेज, मार्क, सगळं आणून दिलं. फर्स्ट क्लास नको, जरा कमी टाका, संशय येईल, असं म्हणालो तर तो पोट धरून हसला. असो. काम येतं ना? मग झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

बाजाराचा दिवस. दुपारपर्यंत एकतीस पेशंट. डोंगराकडच्या बाया आपापली सिकलसेलची कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणतात, जपून पुढे करतात आणि मी काय म्हणतो त्याकडे डोळे लावून बसतात. एक आजी जाताना खाली मेडिकलमध्ये सांगून गेली म्हणे, "डॉक्टरना हात हलका शे, काही समजनंच नही." मी डॉक्टर नाही हे मी कुणाला सांगितलं नाही. इथे पांढरा कोट घातला की डॉक्टरच.

रिपोर्ट टाइप करायला जिनल येते. बीकॉम झालेली, घरात बसून कंटाळते. मी आकडे सांगतो, ती टाइप करते, मी सही करतो. मला भाग्येशभाई म्हणते आणि माझ्या सहीची नक्कल करून दाखवते. सहीत बोरसे कमी आणि गांडूळ जास्त दिसतं, असं तिचं म्हणणं. मला सख्खी बहीण नाही. असती तर असंच डोकं खाल्लं असतं तिनं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

यंत्र बंद पडलं. रक्त मोजायचं मोठं यंत्र, शेठजींनी सुरतेहून सेकंडहँड आणलेलं. सकाळी दोन वेळा खरखरलं आणि थांबलं. त्याचा माणूस दहा-बारा दिवसांनी येणार. बाहेर बाकावर अकरा जण.

शिकलेल्या माणसाला यंत्राशिवायही हिमोग्लोबिन काढता येतं म्हणतात. कपाटात त्याची काचेची नळी आहे, पण ती वापरायची कशी ते मला कुणी शिकवलेलं नाही. आणि हे शेठजींना सांगणार कसं? मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. लाल असेल तर बारा, गुलाबी असेल तर दहा, पांढुरकी असेल तर आठ-सात. पाच वर्षं पेशंट बघितलेत, नजर बसलीय. पॉइंटाच्या पुढचा आकडा मनानं घातला. ११.३, ९.७, असं. नुसतं दहा लिहिलं तर कुणाला खरं वाटत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज आनंदाचा दिवस! शुक्रवारी ज्या बाईला मी ९.७ लिहिलं होतं, तिला घरच्यांनी नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथेही ९.७. पॉइंटासकट! शेठजी तो कागद बाजारभर दाखवत फिरले. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांचं तसंच कळलं. ११.३ ला ११.३. १०.४ ला १०.४.

जिनल म्हणाली, भाग्येशभाई, तुम्हाला यंत्र लागतंच कशाला. मी पण हसलो. एखाद्याला अशी नजर असते. मला आहे, त्यात काय एवढं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

येत्या गुरुवारी जिनलची गोदभराई, म्हणजे आपलं डोहाळजेवण. माहेरची माणसं बारडोलीहून येणार, घरात लाडवांचा वास आहे. मोहनबाई म्हणाल्या, त्याआधी सुनेचं रक्त बघून द्या, व्याह्यांना दाखवता येईल.

यंत्राचा माणूस परवा येणार होता. मी थांबा म्हणायला हवं होतं. पापणी ओढून बघितली. पांढरी. नखंसुद्धा पांढरी. साडेसहा, फार तर सात. मी खरंच चमकलो. ही पोरगी जिना चढते कशी?

पण सात लिहिलं असतं तर घरात रडारड. लगेच नंदुरबार, तिथे नवीन तपासण्या, इथलं यंत्र बंद असताना रिपोर्ट दिला कसा याची चौकशी. मनात आलं, गोदभराई होऊन जाऊ दे, मग लोहाच्या गोळ्या सुरू करू, मग हळूच सांगू. मी म्हणालो, अकरा पॉइंट आठ. तिनं स्वतःच्याच नावापुढे तो आकडा टाइप केला, मी सही केली. ती कागद घेऊन नाचतच खाली गेली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काल यंत्र दुरुस्त झालं. सोमवारी काढलेली जिनलच्या रक्ताची बाटली मी फ्रिजमध्ये ठेवली होती. ती लावली. ११.८.

पुन्हा लावली. ११.८. दुरुस्तीत गडबड असेल म्हणून दुसऱ्या चौघांच्या बाटल्या लावल्या. चौघांचंही मी जे मनानं लिहिलं होतं तेच.

गोदभराई छान झाली. जिनल पाटावर बसली होती, ओठ पांढरेफटक. सगळे म्हणाले किती गोरी दिसतेय.

१ डिसेंबर, सोमवार

तापीबाई गेली.

तिचा नवरा छगन, इथून तीन कोसांवर त्याची शेती. यंत्र बंद होतं त्या दिवसांत तिला मी १२.१ लिहिलं होतं. ती पदर ओढून बसली होती, बाहेर गर्दी होती, मी तिची पापणी ओढलीच नाही. घरी ती पडूनच राहिली. छगननं तिला दोन दवाखान्यांत नेलं. दोन्हीकडे १२.१. रक्त भरपूर आहे म्हणाले, टॉनिक दिलं, परत पाठवलं. काल सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या गेली.

छगन भांडायला आला नव्हता. तिन्ही कागद त्यानं टेबलावर ओळीनं मांडले आणि मला विचारलं, "साहेब, कागद चांगला शे, मंग मन्ही बाई काबर उठत नही?" तो बाई गेल्याचं बोलतच नव्हता. उठत नाही, एवढंच म्हणत होता. मी पाणी दिलं. त्यानं प्यायलं नाही.

मला भीती वाटतेय. पकडलं जाण्याची नाही, ती सवयीची आहे. ही दुसरीच.

३ डिसेंबर, बुधवार

दार लावून घेतलं आणि स्वतःचं रक्त काढलं. यंत्रावर १४.६. मी धडधाकट आहे. मग स्वतःच्या नावाचा रिपोर्ट टाइप केला, मुद्दाम खोटा. ४.२. सही केली. तीच बाटली परत लावली.

४.२.

दुपारी नवापूरला जाऊन दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. तिथला माणूस धावत बाहेर आला. उभे राहू नका म्हणाला, घरचं कुणी सोबत आहे का विचारलं, मला धरून बाकावर झोपवलं. ४.२. मी चालत स्टँडवर आलो, भजी खाल्ली, पचली. मला काही झालेलं नाही. फक्त आकडा बदललाय. कुठेही गेलो तरी तोच निघणार.

म्हणजे माणूस आहे तसाच राहतो. आजारी असेल तर आजारीच. पण मी लिहिलेलं खोटं त्याच्या आणि डॉक्टरच्या मधे उभं राहतं आणि सगळ्या यंत्रांना तेच दिसतं.

मग तापीबाईला मी —

५ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस एकच काम. जिनलचं रक्त पुन्हा काढलं, खोकल्याची तपासणी म्हणून सांगितलं. रिपोर्ट स्वतः टाइप केला, ६.५. यंत्रावर ११.८. तीन लिहिलं. ११.८. स्वतःचंही खरं लिहून बघितलं, १४.६, सही, तारीख, शिक्का. यंत्रावर ४.२.

पहिल्यांदा लिहिलेलं खोटंच चिकटतं. त्याच्यावर मग दुसरं काही लिहिता येत नाही.

जिनल आज जिन्यात मधेच बसली. धाप लागली. मी महावीरभाऊंना म्हणालो, हिला आत्ताच्या आत्ता नंदुरबारला न्या, रक्त चढवायला लागेल. त्यांनी रिपोर्ट पुढे केला. माझाच.

९ डिसेंबर, मंगळवार

नेलं होतं. ११.८. आठवा महिना लागला की दम लागतोच म्हणाले. मोहनबाई वाटेत पेढे घेऊन आल्या.

जिल्ह्यात बोगस पदव्यांची मोहीम सुरू झालीय. शेजारच्या गावात एक डॉक्टर सापडला, बारावी नापास. लोकांनी त्याची पाटी फोडली, खुर्च्या विहिरीत टाकल्या. एका शाळेतले दोन मास्तर सापडले, त्यातल्या एकाचं लग्न मोडलं. मेडिकलपुढे दिवसभर हीच चर्चा. शेठजी म्हणाले अशा माणसांना चौकात उभं करायला हवं, आणि मला बघून म्हणाले, आमच्या साहेबांना काय भीती.

महिन्यापूर्वी हे ऐकून मी रातोरात गाशा गुंडाळला असता. आज मनात दुसरंच आलं. माझं सर्टिफिकेट खोटं ठरलं की माझे सगळे रिपोर्ट रद्द होतील. सरकारी शिक्क्यानं रद्द. मग हे आकडे सुटतील. जिनलचा सुटेल. सुटायलाच हवा.

डाव्या हातानं अर्ज लिहिला. खांडबाऱ्याच्या लॅबमधला भाग्येश सुपडू बोरसे याची पदवी बोगस आहे, ताबडतोब तपासा. खाली नाव टाकलं नाही. तालुक्याला जाऊन आरोग्य खात्याच्या तक्रारपेटीत टाकून आलो. जेल झाली तरी चालेल. पाटी फोडा, मला चौकात उभं करा, पण लवकर या.

१५ डिसेंबर, सोमवार

आले. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी शीला मॅडम आणि दोन माणसं. करारी बाई. शेठजी रागानं लाल झालेले, कुणी जळकुट्यानं अर्ज केला म्हणून.

मी थांबलोच नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, हे सर्टिफिकेट खोटं आहे, विकत घेतलंय, मला अटक करा, माझे सगळे रिपोर्ट रद्द करा, विशेषतः जिनल छाजेड यांचा. मॅडमनी हातानं थांबवलं. लॅपटॉप उघडला, नंबर घातला.

माझं नाव होतं. वर्ष, मार्क, बैठक क्रमांक, फोटो. माझा फोटो, पण मी कधीच काढला नाही असा. विद्यापीठात फोन लावला तर तिथल्या रजिस्टरातही आहे. एक सर म्हणे मला ओळखतात, शेवटच्या बाकावर बसायचा म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, मोहिमेच्या धसक्यानं खऱ्या माणसांचीही झोप उडालीय, विश्रांती घ्या. सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर शिक्का मारला, "पडताळणी पूर्ण". शेठजींनी माझ्या गळ्यात हार घातला. जिनल खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. हळूहळू. हात उचलत नव्हते.

जालमसिंगला फोन केला. म्हणाला तो नंबर त्यानं आपल्या मनानं टाकला होता. आणि त्या नावाचं कॉलेज कुठे नाहीच.

पहिलं खोटं तेच होतं. भिंतीवरचं.

१७ डिसेंबर, बुधवार

महावीरभाऊंना सगळं सांगितलं. पाया पडलो. म्हणालो कागद बघू नका, तिची पापणी बघा, तुम्ही नवरा आहात. त्यांनी बघितली. क्षणभर त्यांचा चेहरा बदलला, मी शपथेवर सांगतो, बदलला. मग म्हणाले, रिपोर्ट तर चांगला आहे. आणि परत बिलं लिहायला लागले.

मोहनबाईंनाही सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "रिपोर्ट चोखो है, डाक्टरसाब." देवाचं नाव घ्यावं तसं म्हणाल्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार

जिनल बेशुद्ध. पहाटे जीपनं नंदुरबार. मी मागून —

डॉक्टर तरुण आहेत. वाईट नाहीत. पापणी बघून ते थबकले. मला वाटलं, झालं. मग रिपोर्ट आला. ११.८. परत पाठवला. ११.८. डोळ्यांना दिसतंय ना, मी ओरडलो. ते म्हणाले डोळे चुकतात.

माझा आणि तिचा गट एकच. म्हणालो माझं घ्या, एक पिशवी, माझ्या जबाबदारीवर. घेण्याआधी तपासतात. मी विसरलोच होतो.

४.२.

मला धरलं. चौघांनी. खाटेवर झोपवलं. रक्ताची पिशवी आणली — मला लावायला — मी म्हणतोय तिला द्या, ती पलीकडच्या खोलीत — नर्स म्हणाली त्यांना गरज नाही, त्यांचं चांगलं आहे —

सुई उपटून पळालो.

२० डिसेंबर, शनिवार

खोलीत आहे. हातातून रक्त येतंय. छान लाल.

फ्रेम फोडली. कागद जाळला. खाली गेलो तर शेठजींकडे झेरॉक्स. मेडिकलमध्ये एक, घरी एक, मॅडमकडे एक. किती जाळू?

शेठजी रागावले नाहीत. काम फार झालंय तुम्हाला, म्हणाले. नवी फ्रेम आणायला माणूस पाठवलाय.

तिनं मला कधी विचारलंच नाही. मी म्हणालो अकरा पॉइंट आठ आणि तिनं —

मी मारतोय तिला. दुसरं कोणी नाही. हे मी खरं लिहितोय. म्हणूनच टिकणार नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी महावीरभाऊंचा फोन. डिस्चार्ज मिळाला. सगळं नॉर्मल. बाळाचंही नॉर्मल. जरा झोपेत आहे, बोलत नाही, हात गार आहेत, थंडी आहे ना — घेऊन येतोय.

दुपार. जीप आली. खिडकीतून बघतोय. खुर्चीत बसवून उतरवताहेत. मान एका बाजूला — मोहनबाई पुढे. हातात कागद. गल्लीला दाखवताहेत.

कुणी रडत नाही. का कुणी रडत नाही?

खुर्ची वर आणली. लॅबमध्ये. माझ्यासमोर. शेठजी म्हणाले, साहेब, एकदा आपल्या यंत्रावर बघून टाका, म्हणजे सगळ्यांचं समाधान. सगळे हसून उभे. दारात, जिन्यात. मी म्हणालो ती — माझा शब्द कुणी —

वही टेबलावरच आहे. लिहितोय ते बघताहेत. त्यांना वाटतंय रिपोर्ट लिहितोय.

बोट धरलं. टोचलं. रक्त येत नाही.

दुसरं बोट. नाही.

रिकामी बाटली लावली. यंत्र सुरू झालंय. आकडा —